बिबेकु-सानचा अनुभव

बाबांनी फोनवर खरं सांगितलं तेव्हा मी पाण्याच्या बाटल्यांची लेबलं सोलत होतो. आमच्या भागात बाटली वेगळी टाकायची, झाकण वेगळं आणि लेबल सोलून तेही वेगळं. मला दर आठवड्याला वाटतं, या देशात माणूस गेल्यावर आधी त्याचं लेबल सोलत असतील आणि मगच पुढचं काय ते. बाबा त्या दिवशी घरून काम करत होते, म्हणजे वर टाय आणि खाली लेंगा. "हो, मी विवेक," असं ते जपानीत म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता, कारण समोरचा माणूस दिसत नसताना जपानी बोलणं त्यांना अजून पराक्रम वाटतो. मग बराच वेळ नुसतं "हाय, हाय", म्हणजे हो, हो, चाललं. मग त्यांचा आवाज बदलला आणि बँकेतला आवाज लागला. "नाही," ते म्हणाले, "आपल्या केंद्रात मी कधीही काम केलेलं नाही. माझं नाव कोणी वापरत असेल तर कृपया पोलिसांना कळवावं." त्यावर पलीकडून क्षमा मागितली गेली असावी, कारण बाबांनीही मागितली. मग दोन्हीकडून पुन्हा. बाबा मोबाइलला वाकून नमस्कार करताना मला दाराच्या फटीतून दिसत होते. मग ते बाहेर आले आणि समाधानाने म्हणाले, "फ्रॉड!"

"कसला?"

"कोणीतरी माझ्या नावाने म्हाताऱ्या माणसांना चहा पाजतोय."

माझ्या बोटांना लेबलाचा गोंद चिकटला होता.

"फ्रॉडमध्ये माणूस काहीतरी घेऊन जातो," बाबा म्हणाले. "हा देऊन जातोय. नवीनच पॅटर्न आहे."

बाबा एका भारतीय बँकेच्या टोकियो शाखेत आहेत आणि ग्राहक जो असल्याचं सांगतो तोच तो आहे का, हे तपासणं त्यांचं काम. घरी कोणी कुरिअर घेऊन आलं तरी ते आधी त्याचं ओळखपत्र बघतात आणि फोटोकडे बघून हळूच मान हलवतात, जणू त्या माणसाने स्वतःसारखं दिसण्यात आज जरा हयगय केली आहे. अशा माणसाला मी काय सांगणार? "बाबा, तो मी," एवढं वाक्य होतं. तीनच शब्द. पण ते म्हणण्याआधी माझ्या मोबाइलवर मेल आली आणि मला तेही तितकंसं खरं वाटेना. मेल पडताळणी करणाऱ्या एजन्सीची होती. समुद्रापलीकडच्या एका मेडिकल कॉलेजने मला प्रवेश दिला होता. अट एकच, अर्जात लिहिलेला रुग्णसेवेचा अनुभव पडताळून निघाला पाहिजे. एजन्सीने त्या म्हाताऱ्यांच्या केंद्राला विचारलं होतं, ऋषी तुळपुळे यांनी तुमच्याकडे काम केलं का? केंद्राने त्यांच्या संगणकात पाहिलं. ऋषी नावाचं कोणी नव्हतं. तुळपुळे मात्र होते, विवेक. केंद्र कसोशीने चालणारं, म्हणून मी तातडीसाठी दिलेल्या घरच्या नंबरावर त्यांनी विवेक-सामांनाच (सामा म्हणजे सानच्या वरचा मान) फोन करून विचारलं. आणि विवेक-सामांनी मघाशी, लेंग्यात उभं राहून, नाही म्हणून सांगितलं. एजन्सीने मला अत्यंत सभ्य भाषेत कळवलं होतं की संबंधित व्यक्तीनेच इन्कार केल्यामुळे माझा अनुभव आढळून आलेला नाही, आणि महिनाअखेरपर्यंत तो आढळल्यास कळवावं. एखादी छत्री हरवावी तसा.

आपल्याकडे बापाचं नाव मुलाच्या मध्ये असतं. मुंबईच्या शाळेत हजेरीला 'तुळपुळे ऋषी विवेक' असं एका दमात म्हणत. मी "हजर" म्हणायचो तेव्हा आम्ही तिघेही हजर असायचो, आडनाव, मी आणि बाबा. पासपोर्टवर तसंच चढलं, तिथून इथल्या रहिवासी कार्डावर, आडनाव आधी आणि बाबा शेवटी. जपानी माणूस आडनाव आधी लावतो आणि जे शेवटी उरतं ते माणसाचं स्वतःचं, अशी त्याची साधी समजूत असते. मध्ये काहीतरी आहे म्हणजे ती छपाईतली अडचण असणार. केंद्रातल्या हिराता-सान, तेव्हाच्या प्रमुख, माझ्या कार्डाकडे बघून तुळपुळे म्हणायचा प्रयत्न करायच्या. 'त्सुरुपुरे' झालं, मग 'त्सुरुपु' झालं, मग त्या थकून हसल्या आणि म्हणाल्या, "बिबेकु-सान म्हणू का?" मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी बिल्ला दाखवला. तो आधीच तयार होता. त्यावर तेच नाव होतं, नावाशेजारी सूर्य होता, सूर्याला गाल होते, गालांवर लाली होती आणि वर प्लास्टिकचं आवरण गरम करून चिकटवलेलं होतं. एखाद्याने सूर्याचे गाल रंगवले असतील तर त्याला 'हा माझा बाप आहे' असं सांगणं मला जमलं नाही. उद्या सांगू म्हटलं. इथे उद्या सांगायच्या गोष्टी उद्यापर्यंत रीतीरिवाज होतात.

तर मी त्सुकुबाच्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकत होतो आणि सुट्टीला घरी आलो की बिबेकु-सान व्हायचो. नाव घेतलं की माझी चालसुद्धा बदलायची. दिवसभरासाठी आणून सोडलेली म्हातारी माणसं दुपारच्या उन्हात अर्धवर्तुळात बसलेली असत, ओल्या टॉवेलांचा आणि भाताच्या पेजेचा वास यायचा, आणि मी चहात पांढरी पूड घालून ढवळत असे. पातळ चहा त्यांच्या श्वासनळीत जातो, म्हणून तो घट्ट करावा लागतो. ढवळत ढवळत एक क्षण असा येतो की चहा चमच्याला विरोध करायला लागतो, तिथे थांबायचं. हे मला कोणी शिकवलं नाही, मनगटाला कळलं. बिबेकु-सान घाई करत नसे. कोणी तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तर बिबेकु-सान चौथ्यांदा आश्चर्यचकित होत असे आणि ते आश्चर्य खरं असे. घरी आल्यावर ऋषी आईवर वायफायवरून ओरडायचा. मला कधीकधी रेल्वेत बसल्यावर, कानात काही न लावता, वाटायचं की माणसाला बापाच्या नावाने हाक मारली की तो आपोआप मोठा होत असेल. की तो मोठा नसतोच, रिकाम्या जागेत मोठ्या नावाचा कोट लटकत असतो? अर्जात मी लिहिलं होतं, 'या अनुभवाने मला सहवेदना शिकवली.' आता ते वाक्य आठवलं आणि शंका आली की हे ऋषीने बिबेकु-सानचं ढापलं. एजन्सीचं चुकलं कुठे? ऋषी नावाचा माणूस तिथे नव्हताच. असता तर म्हाताऱ्यांची पंचाईत झाली असती.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच केंद्रात गेलो. हिराता-सान भेटतील, हसतील, "अरे, बिबेकु-सान" म्हणतील आणि सगळं मिटेल असं धरून चाललो होतो. पण एप्रिल होऊन गेला होता. एप्रिलमध्ये हा देश माणसं पत्त्यांसारखी पिसतो. हिराता-सान नोकरी सोडून होक्काइदोला बहिणीकडे गेल्या होत्या, आणि त्यांचा नंबर त्यांच्या परवानगीशिवाय देता येत नव्हता, आणि परवानगी विचारायला त्यांचा नंबर केंद्राकडे राहिलेला नव्हता. बाकीचे कर्मचारी नवे. इशिई-सान म्हणून माझ्या ओळखीच्या एक आजीबाई खिडकीशी दिसल्या तसा मी धावतच गेलो. मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलो. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे या वर्षी भात कसा आहे?" मी म्हटलं, चांगला आहे. त्यांना बरं वाटलं.

नव्या प्रमुख ओनो-सान माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी माझं सगळं ऐकलं, प्रत्येक वाक्याला मान हलवली, डोळ्यांत कळवळा होता. "तुमची फार अडचण झाली," त्या म्हणाल्या. "पण ही नोंद विवेक-सामांची आहे. ती दुरुस्त करा असं फक्त विवेक-सामाच म्हणू शकतात. दुसऱ्याच्या माहितीबद्दल मी तुमच्याशी बोलणं योग्य नाही."

"पण तो दुसरा मीच आहे."

"हो ना," त्या खरोखर दुःखाने म्हणाल्या. "म्हणूनच अवघड आहे."

मी वाद घातला असता. पण समोरचा माणूस माझ्याहून जास्त व्यथित दिसत होता आणि मला त्याचं सांत्वन करावंसं वाटायला लागलं. मी म्हटलं, काही हरकत नाही. त्या म्हणाल्या, खूप आभार. आम्ही एकमेकांना दारापर्यंत पोचवलं.

रात्री जेवताना मी सांगितलं. बाबा वरणभात कालवताना थांबले. आमच्याकडे जेवताना बाबांचा मोबाइल ताटाशेजारी असतो आणि ते त्यात बँकेच्या मेल बघत असतात. मी वर्षानुवर्षं केंद्रातल्या गोष्टी सांगितल्या त्या आईला उद्देशून, आणि बाबा अधूनमधून "हं" म्हणत ते मेलला उद्देशून.

"म्हणजे तो फ्रॉड तू?" बाबा म्हणाले.

"अहो, फ्रॉड काय म्हणता पोराला!" आई म्हणाली. "आणि तुम्हाला कोणी सांगितलं होतं नाही म्हणायला? विचारलं तर आधी घरात विचारायचं, 'काय गं यामिनी, मी कुठे काम करतो का?'"

"मी काम केलं नाही तर केलं कसं सांगू?"

"मग आता जा आणि सांगा, माझ्या मुलाने केलं."

"मी पाहिलं नाही," बाबा म्हणाले. बोलताना त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, ताटातल्या लोणच्याकडे होती. "मी फक्त ऐकलं. ऐकीव गोष्टीवर मी सही करत नाही, यामिनी. आयुष्यात केलेली नाही."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तसं सांगणं त्यांनाच जड जात होतं हे मला दिसत होतं. मला लहानपणची एक गोष्ट आठवली. शाळेतून मला ताप आला म्हणून घरी पाठवलं होतं आणि बाबांनी दार उघडून आधी माझ्या कपाळाला हात लावला, मग थर्मामीटर लावलं, मग दुसरं थर्मामीटर लावलं. दोन्हींत ताप होता, पण वेगवेगळा. ते दोन्ही हातांत दोन थर्मामीटर धरून इतके असहाय उभे होते की मी तापात म्हटलं, "बाबा, मला बरं वाटतंय." तेव्हापासून आमचं हेच चाललंय. ते तपासतात आणि मी बरं वाटतंय म्हणतो. पण शनिवारी सकाळी ते सूट घालून दारात उभे होते, खिशात रहिवासी कार्ड, पासपोर्ट आणि, का कोण जाणे, पॅनकार्ड. "जे खरं आहे ते सांगू," ते म्हणाले. "खऱ्याला कुठे ना कुठे जागा असते."

ओनो-सानांनी आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं आणि चहा दिला. पातळ होता, आम्ही अजून त्या वयाचे नव्हतो. त्यांनी बाबांचं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, फोटो पाहिला आणि बाबांकडे बघून हळूच मान हलवली. बाबा थोडे अस्वस्थ झाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते टेबलाच्या त्या बाजूला बसले होते. मग ओनो-सानांनी समजावून सांगितलं. विवेक-सामा स्वतः आलेत, फार मदत झाली. आता दोनच गोष्टी होऊ शकतात. विवेक-सामांनी इथे काम केलं असेल तर तसं त्या कॉलेजला कळवता येईल. केलं नसेल तर ही नोंद चुकीची ठरेल, आणि चुकीची नोंद नियमाप्रमाणे पुसून टाकावी लागेल.

"पुसली की?" बाबांनी विचारलं.

"मग त्या काळात इथे कोणीही काम केलेलं नसेल."

"आणि तिसरं? म्हणजे हा. नाव माझं, पण माणूस हा."

ओनो-सानांनी डोळे मिटून मान एका बाजूला कलती केली आणि दातांतून हवा आत ओढली. जपानात हा आवाज ऐकला की पुढचं वाक्य ऐकायची गरज नसते. बाबांनाही ते माहीत होतं. भिंतीपलीकडे व्यायामाचं गाणं चाललं होतं आणि पन्नासएक म्हातारे हात एका लयीत वर जाऊन खाली येत असणार. मला विचित्र शांत वाटायला लागलं. मला कळलं की आत्ता या खोलीत माझ्याकडे करण्यासारखं काहीच नाही. माझी जाण्यायेण्याची वर्षं, माझं कॉलेज, माझ्या हाताला कळलेला चहाचा घट्टपणा, सगळं एका माणसाच्या 'हो' आणि 'नाही'मध्ये अडकलंय, तो माणूस माझा बाप आहे, आणि तो खोटं बोलत नाही. मी मनातल्या मनात पुसलाही गेलो. फारसं दुखलं नाही. आधी पाय गेले.

"मी काम केलं," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

ओनो-सानांनी पेन उचललं. फोनवर आपण नाही म्हणाला होतात, म्हणून क्षमा असावी, पण खात्रीसाठी एक-दोन गोष्टी विचाराव्या लागतील. तेव्हा इथे कोण येत असत, काही आठवतं का? मी टेबलाकडे बघितलं. झालं, म्हटलं. आता बाबा खोटंही बोलले आणि पकडलेही जाणार.

"मोरी-सान," बाबा म्हणाले. त्यांचं जपानी तुटक होतं, एकेक शब्द दगडावर पाय ठेवून ओढा ओलांडावा तसा. "जहाजाच्या इंजिनावर होते. जेवताना त्यांना समोर कोणी बसलेलं चालत नसे. मी शेजारी बसत असे. दोघांनी भिंतीकडे बघायचं. मग ते सगळं जेवत." ते थांबले. "इशिई-सान. केस वाळवताना झोपत. यंत्र बंद केलं की रडत. म्हणून मी नुसती गार हवा चालू ठेवत असे. त्या उठेपर्यंत." पुन्हा थांबले. आता ते ओनो-सानांकडे बघत नव्हते, समोरच्या कपाकडे बघत होते, जसे घरी मोबाइलकडे बघतात. "एक आजोबा मला आपला धाकटा भाऊ समजत. शिव्या देत. मी त्यांची माफी मागत असे. काय केलं होतं ते मला माहीत नाही. भावाने काहीतरी केलं असणार."

हे सगळं मी आईला सांगितलं होतं. ताकाच्या वाटीवरून, भाजीच्या मध्ये. पण मग ते म्हणाले, "मोरी-सान गेले त्या दिवशी मी घरी जाऊन दोनदा आंघोळ केली. जेवलो नाही. बायकोला सांगितलं, बाहेर खाऊन आलो. खाल्लं नव्हतं." हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

ओनो-सानांचं पेन कधीच थांबलं होतं. त्या उठल्या आणि बाबांसमोर खोल वाकल्या, आणि त्या वर आल्या तेव्हा डोळे ओले होते. पडताळणी पूर्ण झाली आहे, त्या म्हणाल्या. विवेक-सामांच्या सेवेचं पत्र आजच कॉलेजला जाईल. इतक्या मनापासून काम केलेला माणूस त्यांनी पाहिला नाही. बाबांनीही मान खाली घातली. मी दोघांकडे आलटून पालटून बघत राहिलो. मलाही बाबांचा अभिमान वाटायला लागला होता.

"एक विचारू का?" ओनो-सान म्हणाल्या. रविवारी त्यांच्याकडे माणसं फार कमी पडतात. विवेक-सामा पुन्हा येऊ शकतील का?

बाबांनी माझ्याकडे बघितलं. पण इतकं सगळं झाल्यावर कोणत्या तोंडाने माणूस नाही म्हणेल? "हाय," बाबा म्हणाले.

"आणि चिरंजीवही आले तर आनंदच आहे," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "नव्या माणसाला आम्ही जुन्याच्या हाताखाली देतो. त्यांना अनुभव नसला तरी चालेल."

बसथांब्यावर आमच्यापुढे पाच-सहा माणसं एकामागे एक उभी होती, प्रत्येकाच्या मध्ये हातभर अंतर. आम्ही शेवटी जाऊन उभे राहिलो. बाबांनी टाय सैल केला.

"कॉलेजचं काय होईल आता?"

"काही नाही. त्यांना पत्र जाईल की माझ्या वडिलांना उत्तम अनुभव आहे."

"हं," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पुसलं असतं तर काहीच उरलं नसतं रे. चुकीच्या नावावर का होईना, राहिलं. चुकीचं असेल ते कधीतरी दुरुस्त करता येतं."

"कधी?"

"ते मला माहीत नाही."

बस येत नव्हती. मग मीच म्हटलं, "पुढच्या वर्षी परत अर्ज करीन. रविवारी येईन तुमच्याबरोबर. पण तेव्हा मला व्हेरिफाय कोण करणार? ज्याच्या हाताखाली काम केलं तो."

"म्हणजे मी."

"तुम्ही नातेवाईक आहात. नातेवाईक चालत नाही."

बाबांनी विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "आमच्याकडेही चालत नाही."

रस्त्यापलीकडे एक आई मुलाला सायकलच्या मागच्या खुर्चीत बांधत होती, त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट, मग पट्टा, मग पुन्हा हेल्मेट. बाबा तिकडे बघत होते. मग ते अगदी हळू आवाजात, कोणा जपान्याला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि तेही मराठीत, जे इथे कोणालाच कळणार नव्हतं, म्हणाले, "ऋषी, मला त्यातलं काहीही येत नाही. नुसतं ऐकलंय. माणसाला खुर्चीतून उठवायचं कसं? रविवारी पहिल्याच माणसाला पाडलं म्हणजे?"

मी थांब्यावरच्या बाकावर बसलो. एक पाय पुढे घ्या म्हटलं, तुमचा गुडघा माझ्या गुडघ्यांच्या मध्ये, हात काखेतून मागे, पाठीवर, कपड्याला धरायचं नाही, माणसाला धरायचं. बाबा वाकले. त्यांच्या गालाची दाढी माझ्या कानाला लागली. रांगेतल्या माणसांनी एकदम, सभ्यपणे, दुसरीकडे पाहिलं.

"आता?"

"आता उचला. मी मदत करणार नाही. त्यांना करता येत नाही."

"तू स्वतः जोर लावतोयस," बाबा माझ्या कानाशी म्हणाले. "तसं नको. खरं खरं सोड."

मी अंग सोडून दिलं.